आमचा ‘ल’ कोणी बदलला?

गेल्या कोजागिरीला आमच्या मंडळात मुलांसाठी सुंदर हस्ताक्षर स्पर्धा झाली आणि परीक्षणाचे काम, निवृत्त माणसाला उद्योग नसतो या सर्वमान्य समजुतीनुसार, आमच्याकडे आले. सतरा कागद होते. वळणे बरी होती, शुद्धलेखनही अपेक्षेहून बरे होते. परंतु सतरापैकी चौदा कागदांवरील ‘ल’ मराठी नव्हता. तो उजवीकडे उभा दंड असलेला, हिंदी क्रमिक पुस्तकातला ‘ल’ होता. बक्षीस समारंभानंतर एका चुणचुणीत मुलीला आम्ही फळ्यावर आपला ‘ल’ काढून दाखवला. तिने क्षणभर पाहिले आणि अतिशय अदबीने आमची चूक दुरुस्त केली : “आजोबा, असा ल नसतो. मोबाइलमध्ये बघा ना.”

आम्ही मोबाइलमध्ये पाहिले. तसा ‘ल’ खरोखरच नव्हता.

ज्यांना या भेदाची कधी जाणीवच झाली नसेल, त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. मराठी ‘ल’ला शिरोरेषेतून खाली उतरणारा देठ असतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना दोन पाकळ्या वळलेल्या असतात. हिंदी ‘ल’ची सारी वळणे डावीकडे असून उजवीकडे पुरा उभा दंड असतो. ‘श’चेही तसेच. आपल्या ‘श’चा डावा भाग देठाला लोंबतो, हिंदी ‘श’ला तेथे गाठ असते. म्हणून त्यांना पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ असे म्हणतात. ही केवळ म्हाताऱ्यांची हौस नव्हे. महाराष्ट्र शासनाने २००९ साली वर्णमालेविषयी शासननिर्णय काढला, २०२२ साली सुधारित निर्णय काढला आणि मराठी लेखनासाठी देठयुक्त ‘श’ व पाकळीयुक्त ‘ल’ हीच रूपे धरली. गंमत अशी, की हा निर्णय ज्या यंत्रांवर टंकित होऊन कार्यालयोकार्यालयी फिरतो, त्यांतील बहुतेक यंत्रे तो गाठीच्या ‘श’ने आणि दंडाच्या ‘ल’नेच दाखवतात. प्रस्तुत लेखही छापून येईल तेव्हा त्यातला ‘ल’ कोणत्या कुळाचा असेल, याची आम्हांस खात्री नाही. वाचकांनी याच ओळीवर बोट ठेवून पाहावे.

तर मग हा ‘ल’ बदलला कोणी? शिक्षकांनी नाही; आमच्या इंदुरात मराठी शिकवणारे शिक्षक आता उरलेत किती? पालकांनीही नाही. तो बदलला ‘डिफॉल्ट’ने.

या शब्दाशी आमचा जुना परिचय आहे. राज्य शासनाच्या सेवेत असताना ‘डिफॉल्ट’ म्हणजे कसूर आणि ‘डिफॉल्टर’ म्हणजे ज्याच्या दारी जप्तीची नोटीस चिकटवायची तो थकबाकीदार, एवढेच आम्ही जाणत होतो. संगणकवाल्यांनी त्याचा अर्थ असा केला, की तुम्ही काही निवडले नाहीत तर तुमच्या वतीने यंत्र जे निवडते ते. दोन्ही अर्थ एकाच मुळाचे आहेत : ज्याने आपले काम केले नाही, त्याच्या गैरहजेरीत झालेला एकतर्फी निकाल.

रोमन अक्षरांच्या जगात या एकतर्फी निकालावरून केवढे रण माजते ते पाहण्यासारखे आहे. अक्षरांच्या टोकांना बारीक पाय नसलेल्या टंकांना ते ‘सॅन्स-सेरिफ’ म्हणतात. प्रत्येक यंत्रप्रणालीचा असा एक ठरलेला टंक असतो. विंडोजमध्ये पूर्वी टाहोमा, व्हिस्टापासून सेगो यूआय. ॲपलच्या संगणकात ल्युसिडा ग्रांद होता. २०१४ साली त्याच्या जागी हेल्व्हेटिका न्यू आला आणि वर्षभरातच तो काढून कंपनीने स्वतःचा सॅन फ्रान्सिस्को बसवला. अँड्रॉइडने २०११ साली ड्रॉइड सॅन्स टाकून रोबोटो घेतला. लिनक्सवाल्यांचा देजाव्हू. १९५७ सालचा स्विस हेल्व्हेटिका श्रेष्ठ की १९८२ सालचा एरिअल हे त्याचे नुसते अनुकरण, यावर तिकडे शहाणीसुरती माणसे हमरीतुमरीवर येतात. ‘आर’ अक्षराचा पाय सरळ उतरतो की तिरपा, हा त्यांच्या मते जीवनमरणाचा प्रश्न आहे. त्यांना हसण्याचा अधिकार आम्हांला नाही. त्यांचा ‘आर’ कसाही असला तरी ‘आर’च राहतो, तरीही ते भांडतात, आमचा ‘ल’ सबंध बदलला आणि आमच्यापैकी कोणी खाकरलेही नाही.

देवनागरीचे काय झाले ते पाहू. विंडोज २००० बरोबर ‘मंगल’ हा टंक घरोघरी आला. त्याच्या निर्मितीचे सूत्रधार होते प्रा. र. कृ. जोशी, मुंबईचे, मराठी कवी आणि सुलेखनकार, अक्षरावर जीव टाकणारा माणूस. तेव्हा मराठी न कळणाऱ्या कोणी परदेशस्थाने हे केले, अशी समजूत करून घेण्याची सोय नाही. मंगल हा सर्व देवनागरी भाषांसाठी एकच टंक म्हणून आला, आणि एकच रूप समोर ठेवायचे झाले, की अधिक लोक वापरतात ते रूप ठेवले जाते. पुढे विंडोज ८ पासून निर्मला यूआय आला. विंडोज १० मध्ये मंगल मूळ संचातून निघून पूरक टंकांत गेला, म्हणून मंगलमध्ये सजवलेली पत्रिका नव्या संगणकावर उघडली की तिचा चेहराच बदलतो. ॲपलने देवनागरी एमटीनंतर कोहिनूर देवनागरी पुढे आणला. अँड्रॉइडवर नोटो सॅन्स देवनागरी आला. नावे बदलली, जाडी बदलली, गोलाई बदलली. ‘ल’चा दंड मात्र जागचा हलला नाही.

यात ‘सॅन्स-सेरिफ’ या शब्दाचाही आम्हांला राग आहे, तो येथेच नोंदवून टाकतो. सेरिफ हा रोमन अक्षराच्या टोकाचा पाय. देवनागरीला तो पाय कधी नव्हताच, मग पायाशिवायची देवनागरी म्हणजे काय? प्रत्यक्षात अर्थ घेतला जातो तो एवढाच, की सगळीकडे सारख्या जाडीची रेघ. आपले अक्षर बोरूच्या तिरप्या कापातून जन्मले. रेघ एका दिशेने जाड होते, दुसऱ्या दिशेने बारीक, आणि त्या चढउतारातच त्याची ओळख आहे. रोमन टंकाच्या शेजारी शोभावे म्हणून तो चढउतार पुसून टाकायचा आणि त्याला आधुनिक म्हणायचे, हे आमच्या बुद्धीला पटत नाही. लहान पडद्यावर सारख्या जाडीची रेघ स्पष्ट दिसते, ही तांत्रिक बाजू आम्ही मान्य करतो. पण सारख्या जाडीच्या रेघेने पाकळीचा ‘ल’ काढता येत नाही, असे काही नाही. दोन वेगळ्या गोष्टी एका पुडीत बांधून आम्हांला देण्यात आल्या आणि आम्ही पुडी सोडून पाहिली नाही.

पूर्वी अक्षराला पत्ता होता. मुंबईत जावजी दादाजींनी १८६४ साली टंक पाडण्याचा कारखाना काढला, १८६९ साली निर्णयसागर छापखाना घातला, आणि एखादे अक्षर डोळ्यांस खटकले तर कोणाकडे जाऊन बोलायचे ते लोकांना ठाऊक होते. आता अक्षराचा मालक कोण, हेच कळत नाही. प्रणाली एका कंपनीची, टंक दुसरीने काढलेला, दूरध्वनी तिसरीने बनवलेला, आणि विकणारा म्हणतो, “साहेब, आतमध्ये आधीच असतं ते.”

आता आमच्यासारख्या बृहन्महाराष्ट्रीयांना हे अधिक का झोंबावे, ते सांगतो. बेळगावच्या मराठी मुलाला शाळेतून बाहेर पडताच कानडी पाटी दिसते. हैदराबादच्या मुलाला तेलुगू दिसते. बडोद्याच्या मुलाला गुजराती दिसते, तिला शिरोरेषाच नाही. आपले अक्षर वेगळे आहे, हे या मुलांना कोणी शिकवावे लागत नाही. भिंत डोळ्यांना दिसते. पण इंदूर, ग्वाल्हेर, देवास, धार, जबलपूर येथल्या मुलाला शाळेत हिंदी, दुकानावर हिंदी, वर्तमानपत्र हिंदी, आणि लिपी तीच! जेथे लिपी परकी आहे तेथे मराठी माणूस अक्षरासाठी जागा असतो. जेथे लिपी घरचीच वाटते तेथे तो झोपतो, आणि चोरी नेहमी झोपलेल्याच्या घरी होते. होळकर आणि शिंदे यांच्या राज्यात आमच्या पूर्वजांनी मोडीत दप्तरे लिहिली. ती मोडी आम्ही डोळ्यांदेखत गमावली. आज ती वाचणारे शोधावे लागतात. २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली याचा आनंद आहे. पण ती जागा मिळाली तेव्हा ती लिहिणारा हात उरला नव्हता. बाळबोध अक्षराचे तसे होणार नाही हे खरे. ते राहील. फक्त ते आपले राहणार नाही.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. हिंदीशी आमचे भांडण नाही. आम्ही तीस वर्षांहून अधिक काळ हिंदीत टिपणी लिहिली, हिंदीत निर्णय दिले आणि त्या भाषेचे आमच्यावर ऋण आहे. शिवाय देवघेव एकतर्फी झालेली नाही. जुन्या उत्तरी छपाईत अ, झ, ण यांची रूपे अगदी निराळी असत. मानक देवनागरी ठरवताना हिंदीने ती सोडून मुंबई वळणाचे अ, झ, ण स्वीकारले. आज काशीतला विद्यार्थी जो ‘अ’ गिरवतो, तो आपल्याकडचा आहे. पण ते ठरवून, चर्चा करून, समित्या बसवून झाले. हिंदीच्या विद्वानांनी आपले रूप सोडताना आपण काय सोडतो आहोत हे जाणून सोडले. आम्ही आमचा ‘ल’ कोणत्या बैठकीत सोडला? कार्यवृत्त दाखवा.

मंडळातील आमचे स्नेही म्हणतात, “अहो, वाचता येते ना? मग झाले!” वाचता येते, हे खरे. पण हा युक्तिवाद करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, की ज्या बेफिकिरीने ‘ल’ गेला त्याच बेफिकिरीने पुढे वाचता न येण्याजोगीही अक्षरे आली. ‘वऱ्हाड’ हा शब्द घ्या. त्यातील अर्ध्या ‘र’ची चंद्रकोर ही मराठीची खास खूण, हिंदीला तिची गरज पडत नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. ‘आचार्यांना’ बोलावले तर व्याख्यान होते, ‘आचाऱ्यांना’ बोलावले तर जेवण होते. संगणकात ही चंद्रकोर दोन वेगळ्या मार्गांनी लिहिली जाते. एकात नुक्त्याचा ‘ऱ’ घेऊन त्याला हलन्त जोडतात. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘र’ची कळ शिफ्टसह दाबली की तो मिळतो. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला ते दोन निराळे शब्द वाटतात. म्हणून एका पद्धतीने लिहिलेला ‘वऱ्हाड’ दुसऱ्या पद्धतीने शोधला तर सापडेलच असे नाही. आणि ती अदृश्य खूण वाटेत कोठे गळली, की वऱ्हाडाचा ‘वर्‌हाड’ होतो, डोक्यावर रफार घेऊन.

‘ॲ’चीही तीच कथा. ‘ॲडव्होकेट’मधला हा स्वर युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ साली दाखल झाला. जुन्या टंकांत तो नाही, आणि जे अक्षर टंकात नाही त्याच्या जागी यंत्र रिकामी चौकट काढते. त्या चौकटीला जाणकार ‘टोफू’ म्हणतात, आणि अशी चौकट कोठेच दिसू नये या हेतूवरून ‘नोटो’ हे नाव पडले आहे. आमच्या एका समारंभाच्या निमंत्रणपत्रिकेवर प्रमुख पाहुण्यांच्या नावाआधी अशी चौकट छापून आली. पाहुणे विनोदी होते. भाषणाच्या आरंभीच त्यांनी सांगितले, की इतकी वर्षे वकिली केली, पण चौकटीत राहण्याचा सन्मान आजच लाभला. सभागृह हसले, आम्ही, ज्यांनी मुद्रित तपासले होते, ते मान खाली घालून बसलो.

आता मुख्य मुद्दा, आणि तो आमच्याच लोकांना कडू लागेल. मराठीचा ‘ल’ यंत्रात नाही, असे आम्ही दोन वर्षे समजत होतो आणि कंपन्यांना मनातल्या मनात शिव्या देत होतो. पुढे एका तरुण अभियंत्याने दाखवून दिले तेव्हा आमची वाचा बसली. तो आहे! युनिकोडमध्ये ‘ल’ला एकच क्रमांक आहे, आणि ते योग्यच आहे, अक्षर एकच, वळणे दोन. पण आजच्या बऱ्याच चांगल्या टंकांच्या पोटात दोन्ही वळणे ठेवलेली असतात. मजकुरावर ‘भाषा : मराठी’ अशी नोंद असली, की यंत्र मराठी वळण काढते, नोंद नसली, की ठरलेले रूप काढते. रेड हॅटच्या लोहित टंकांत तर पूर्वी हिंदी आणि मराठी असे वेगळे संचच होते. पुढे ते एकत्र करून लोहित देवनागरी झाला, आणि मराठी रूपे त्याच्या आत गेली. ॲपलच्या संगणकात ‘आयटीएफ देवनागरी मराठी’ नावाचा टंक निराळा दिलेला आहे. मुंबईच्या एक टाइपने ‘मुक्ता’ विनामूल्य दिला आहे. राज्य मराठी विकास संस्थेचा ‘यशोमुद्रा’ आहे. म्हणजे शिदोरी बांधून दिलेली होती, आम्ही गाठ सोडली नाही.

हे सर्वत्र सुरळीत चालते असे नाही. कित्येक आज्ञावल्या ती नोंद वाचतच नाहीत, आणि मराठी नोंद करूनही हिंदी रूप दाखवतात. तेथे दोष त्यांचा, आणि तो त्यांना लेखी कळवलाच पाहिजे. पण आधी आपण आपल्या घरात पाहावे. आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीतील सदस्यांपैकी किती जणांच्या मोबाइलची भाषा मराठी आहे, असे आम्ही बैठकीत विचारले. एका कोषाध्यक्षांनी हात वर केला. बाकीच्यांचे उत्तर ठरलेले : मराठीत ठेवले की ‘सेटिंग’ सापडत नाही! ज्यांनी ज्ञानेश्वरीच्या पारायणात कधी खंड पडू दिला नाही, त्यांना ‘सेटिंग्ज’च्या जागी मराठी शब्द आला की घाबरे होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आमच्या मंडळाने दारावर फलक लावला, पेढे वाटले. त्या फलकावर ‘मराठीला’ या शब्दातला ‘ल’ हातभर उंचीचा होता, आणि दंडाचा होता. आम्ही ते दाखवले तेव्हा उत्तर मिळाले, “फलकवाल्याकडे हाच फाँट होता.” फलकवाल्याकडे जो असेल तो! सरकारी नोकरीत आम्ही एक गोष्ट पक्की शिकलो : जे लेखी मागितले नाही ते कोणी देत नाही, आणि न मागता जे मिळते ते देणाऱ्याच्या सोयीचे असते.

म्हणून आम्ही कार्यकारिणीला लेखी अर्ज दिला आहे. हे त्रैमासिक यापुढे मराठी ‘ल’ व ‘श’ असलेल्या युनिकोड टंकातच लागावे. जुन्या, एका यंत्रावर उघडणाऱ्या आणि दुसऱ्यावर कचरा दिसणाऱ्या टंकांतील लेख स्वीकारू नयेत. मुद्रकाला देण्याच्या आदेशातच टंकाचे नाव घालावे. आणि रविवारच्या मराठी वर्गात मुलांच्या व त्यांच्या पालकांच्या मोबाइलवर मराठी भाषा निवडून देण्यासाठी एक तास राखून ठेवावा. अर्जाला चिकटवायला नमुना हवा, असे सचिव म्हणाले. छापील नमुना घरात मिळेना. शेवटी आईची जुनी ट्रंक उघडली. तिने ग्वाल्हेरहून १९६१ साली आमच्या आजोळी लिहिलेले एक कार्ड निघाले, निळ्या शाईचे. त्यात ‘मुले खुशाल आहेत’ असे तीनदा आले आहे. ‘मुले’तला आणि ‘खुशाल’मधला प्रत्येक ‘ल’ पाकळीचा आहे, ‘श’ देठाचा. त्याची छायाप्रत अर्जासोबत जोडली आहे. विषय पुढील बैठकीच्या कार्यसूचीत सातव्या क्रमांकावर, चहापानाच्या आधी आहे. सदस्यांनी तोपर्यंत थांबावे, एवढेच आमचे मागणे आहे.